लाल स्विचवरची चिकटपट्टी

पालममधे तवा एकच कॉम्प्युटर होता आन तो आमचा होता. बाजाराच्या रस्त्याला आमची एक खोली हाय, तिथं माझ्या मोठ्या भावानं क्लास काढलता. त्याला आमी भैया म्हनायचो. मशीन एक आन शिकनारे ढीगभर, म्हनून भैयानं पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून दिले होते. एकजन खऱ्या मशीनसमोर खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर मांडी घालून पुठ्ठे बडवायचे. रस्त्यानं जानारे डोकावून बगायचे आन म्हनायचे, सराचं डोस्कं फिरलं, पोरायला पुठ्ठा वाजवायला बसवलंय. पन पुठ्ठ्यावर कुनी चुकत न्हाई. तिथं सगळे पैल्या नंबरात.

मला कॉम्प्युटर येत न्हाई. मला आवाज येतात. कंडक्टरचा, हेडमास्तरचा, पिठाची गिरनी सुरू होतानाचा आन पट्टा तुटल्यावरचा. शाळेत असताना मी खिडकीखाली बसून हेडमास्तरच्या आवाजात एका वर्गाला सुट्टी दिलती. पोरं निम्म्या रस्त्यात जाईपर्यंत कुनाला पत्ता न्हाई. भैयाचा आवाज तर मला इतका यायचा की दादा, म्हनजे आमचे वडील, अंगनातून त्याला हाक मारायचे, मी आतून त्याच्या आवाजात "आलो आलो" म्हनायचो आन कुनीच यायचं न्हाई. दादा लय चिडायचे. भैया लय हसायचा.

दिवाळीनंतर भैयाला कावीळ झाली. आदी झाडपाला, मग गंगाखेड, मग नांदेड. तिथंच गेला.

मला रडू आलं न्हाई. दाढ काढायच्या आदी डॉक्टर सुई टोचतो, मग आपल्याच गालाला हात लावला तर गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं झालं. जलदानविधीला मानसं जमली, मी पत्रावळ्या वाढल्या, पाहुन्यायच्या चपला नीट लावल्या. कुनी म्हनलं, पोरगं लय धीराचं हाय. धीर कशाचा. सुई उतरली नव्हती.

घरात उरलो आमी तिघं. आई तर मी लहान असतानाच गेली. दादा, मी आन वैनी. वैनी बारावी शिकलेली, आन लग्नानंतर भैयानं तिला सगळं शिकवलतं. शिकवायचा तो, पन पोरी अडल्या की वैनीलाच विचारायच्या. भैया गेल्यावर थोड्याच दिवसात तिनं क्लासचं कुलूप उघडलं. दादायला ते पटलं न्हाई. दादा मानूस वाईट न्हाईत. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, नामांतराच्या मोर्च्यात तुरुंगात जाऊन आले, पोरीबाळीनं शिकावं म्हनून गल्लीत भांडनं केली. पन आता म्हनायचे,

"तिचं वय काय हाय? तिचे वडील न्यायला तयार हायेत. हितं एक म्हातारा आन एक उनाड. लोकं काय बोलतील?"

उनाड म्हनजे मी.

गंगाखेडचा एकजन मशीन इकत घ्यायला दोनदा येऊन गेला. शेवटी दादायनं वैनीला समोर बसवलं आन मास्तर जसा निकाल सांगतो तसं सांगितलं,

"मशीन चालू हाय तवर क्लास चालव बाई. ज्या दिवशी ते बंद पडंल त्या दिवशी कुलूप. मशीन गंगाखेडला, आन तू माहेरी. कबूल?"

"कबूल," वैनी म्हनली. डोक्यावरचा पदर नीट केला आन चहा टाकायला गेली. मी दारात होतो. मला वाटलं आता काईतरी वाटायला पायजे. काई वाटलं न्हाई.

मग जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. दादायनं ज्याची इतकी वर्सं वाट बगितली ते झालं, आन दादा ओट्यावर बसून वस्तीतल्या ढोलाकडं कान देऊन बसले. पोरं बोलवायला आली, "चला की गुर्जी." दादा म्हनले, "व्हा पुढं, येतो." गेले न्हाईत. घरात गोड काई केलं न्हाई. कुनीतरी पेढे आनून दिले, ते तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी ज्यायला ते नको होतं त्यायनी बंद केला. एसट्या बंद, बाजार बंद, कापसाचं जिनिंग, आरागिरनी, पिठाच्या गिरन्या सगळं बंद. वैनीनं तरी क्लासचं एक दार उघडलं. वस्तीतल्या चार पोरी आल्या होत्या, त्यायला वापस कुठं पाठवायचं?

आता होल्टेजचं सांगतो. आमच्याकडं लाइट असती, पन असून नसल्यासारखी. जिनिंग सुरू झालं की बल्बातली तार नुसती लाल दिसती, बल्बाखाली बल्ब शोधावा लागतो. त्या दिवशी सगळं बंद असल्यामुळं खोलीतला बल्ब असा पेटला की भिंतीवरची कोळिष्टकं दिसायला लागली. पोरी म्हनल्या, "बया! मॅडम, हे काय वो?"

मी गिरनीवाल्याच्या आवाजात म्हनलं, "आज समदी लाइट तुमालाच! घ्या किती घ्यायची ती!"

पोरी हसल्या. वैनीनं मशीन चालू केलं. पंखा घुंऽऽ करून उठला, आन पडद्यावर हिरवी अक्षरं यायच्या आदीच डब्यातून आवाज आला. फट्ट. मग स्स्स. मग पंखा बारीक होत होत गप्प.

खोलीत जळल्याचा वास. पोरींची बोटं पुठ्ठ्यावर तशीच.

वैनी उठली न्हाई, वरडली न्हाई. भैयानं शिकवलं तसं एकेक बगायला लागली. भैया म्हनायचा, मशीन बंद पडलं की आदी भिंतीपासून सुरू करायचं, मशीनपासून न्हाई. तिनं भिंतीच्या प्लगात टेस्टर घातला, टेस्टर पेटला. त्याच प्लगात टेबलफॅन लावला. फॅन असा सुटला की पुठ्ठे उडाले आन त्यातला एक एका पोरीच्या तोंडावर बसला. मग मशीनची वायर काढून पडद्याची वायर लावून बगितली, ती सारखीच असती म्हनून. मशीन मेलेलंच. म्हनजे भिंत चांगली, वायर चांगली, जे काई झालं ते डब्यात.

"भावजी," वैनी म्हनली, "औरंगाबादला फोन लावावा लागंल. ज्यायच्याकडून मशीन घेतलंय त्यायला."

"दादायला सांगायचं का?"

"आदी काय झालंय ते कळू द्या."

एसटीडीवाल्याचं शटर आर्धं खाली होतं. आमी वाकून आत गेलो. तो म्हनला, "बंद हाय बाबा, दगड बसंल मला." मी त्याच्याच आवाजात म्हनलं, "बंद हाय बाबा, दगड बसंल मला." तो हसला आन फोन सरकवला. असं मी लय ठिकानी काम काढलंय.

लाइन लागंना. लागंना. लागली तवा पलीकडनं इंजिनियर बोलला. हाच मानूस मशीन बसवायला आलता, आमच्या घरी जेवून गेलता. मी म्हनलं, "हॅलो, हां, पालमहून बोलायलोय."

मी माझ्याच आवाजात बोलायला गेलतो. पन कॉम्प्युटरच्या मानसाशी फोनवर बोलायचा आवाज माझ्याकडं एकच होता.

"अरे सर! किदर गायब हो गये आप?" इंजिनियर खुश. "मला वाटलं दुसरं मशीन घेतलं का काय. बोला, बोला!"

वैनी माझ्या बाजूला उभी होती. ती एकदम भिंतीकडं बगायला लागली. भिंतीवर जुनं कॅलेंडर होतं.

सांगायला पायजे होतं की भैया गेला. पन मग तो विचारनार कशानं, कवा, आन मी सांगनार, आन लाइन कधीबी तुटनार. मी तसाच बोलत राहिलो. "मशीन बंद पडलंय. आवाज झाला आन गेलं."

"आवाज कैसा आया सर? टिक्‌ आला का फट्ट? लय फरक असतो त्याच्यात."

आता हे माझं खातं. मी तोंड फोनला लावलं आन काढला. पंख्याचा घुंऽऽ, मग फट्ट, मग स्स्स, मग पंखा मरत मरत गप्प.

एसटीडीवाला उठून उभा राहिला. "काय बे! फोन जळाला का?"

पलीकडनं इंजिनियर म्हनला, "सर, फिर से." आन दुसऱ्या कुनाला तरी बोलवलं, "इदर आ, सुन!" मी पुन्हा काढला. पलीकडं दोघंबी हसायलेत. मी हसलो न्हाई. वैनीबी न्हाई.

"फट्ट के बाद स्स्स आया ना? म्हनजे पॉवर सप्लाय गेला. आतले कंडेन्सर फुटले. आत पत्र्याचा एक डबा असतो ना, मागं पंखा असलेला, तोच. तो उघडू नका, बंद असला तरी झटका मारतो. पन सर, असा उगाच न्हाई फुटत तो. मागं लाल स्विच हाय, त्यावर आकडा हाय. जाऊन बगा अन पुन्हा फोन लावा."

आमी वापस क्लासवर गेलो. वैनीनं मशीन वळवलं. मागं पंख्याच्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावलेली होती, जखमेला लावतात ती. वैनीनं नखानं पट्टी सोलली. खाली लाल स्विच. स्विच एका बाजूला सरकवलेला आन आकडा ११५.

"हे कुनी केलं?" मी म्हनलं.

वैनी ती पट्टी बोटाला गुंडाळत बसली. मग म्हनली, "त्यायनी. दसऱ्याला स्टॅबिलायझर जळाला न्हाई का, परभनीला दुरुस्तीला दिला. मशीन कमी होल्टेजवर टिकंना, सारखं बंद पडायलतं. मग त्यायनी मागं काईतरी केलं आन मशीन चालायला लागलं. मला म्हनले, या पट्टीला कुनाला हात लावू देऊ नको."

मला ते आठवलं. त्या दिवशी भैया लय खुश होता. सगळ्या गावाचे फॅन थांबलेले आन आमचं मशीन चालू. म्हनला होता, "बग, आमेरिकेत लाइट आपल्याइतकीच कमी असती. तेवढ्यासाठी त्यायनी स्विच दिलाय." आन खरंच चाललं की. महिना-दीड महिना तो न्हाई तरी चाललं. ज्या दिवशी पालमला पुरी लाइट आली त्या दिवशी फुटलं.

पुन्हा एसटीडीवर जाऊन इंजिनियरला आकडा सांगितला. तो म्हनला, "सर, आप तो समझदार आदमी." मी म्हनलं, "होल्टेज नव्हतं." भैयाच्याच आवाजात. वैनी त्या टायमाला शटरच्या भाइर उभी होती.

"आतला बोर्ड वाचला का न्हाई, आत्ता सांगता येत न्हाई," तो म्हनला. "नवा डबा लावल्यावरच कळंल. एसट्या सुरू झाल्या की ड्रायव्हरजवळ पाठवतो. लावताना एक ध्यानात ठेवा. डब्यातून दोन चपटे प्लग निघतात, बोर्डावर एकमेकाला खेटून बसतात. काळ्या वायरीला काळ्या वायरी चिकटून. उलटं लावलं तर बोर्डबी गेला. काला बाजू काला, बस."

मधल्या दिवसात दादायला कळलंच. पालममधे मानूस शिंकला तरी चार घरं 'काय झालं' म्हनतात. दादायचा गंगाखेडला निरोप गेल्याचं मला हॉटेलवाल्यानं सांगितलं.

एसट्या सुरू झाल्या. मी फाट्यावर उभा राहून ड्रायव्हरकडून खोकं घेतलं. त्यावर भैयाचं नाव होतं. ड्रायव्हर म्हनला, "तूच का?" मी म्हनलं, "हो."

डबा बसवायला वैनी बसली. मी बॅटरी धरली. पोरी पुठ्ठे मांडीवर घेऊन गोल करून बसल्या, जसं काई बाळंतपन हाय. जुन्या डब्याचे स्क्रू काढले, वायरी सोडवल्या. एवढ्यात दादा दारात आले. चपला भाइर काढल्या आन उभेच राहिले.

"कशानं जळलं?" दादायनं विचारलं.

वैनीनं नवा डबा आत सरकवला.

"बाईमानसाच्या हातात दिल्यावर दुसरं काय व्हनार. तो असता तर जळलं असतं का?"

मला वाटलं वैनी गप्प बसंल. बायका अशा टायमाला गप्प बसतात आन मग मोरीत जाऊन रडतात, असं आपन ऐकतो. ती स्क्रू फिरवता फिरवता म्हनली,

"मामंजी, ते त्यायनीच केलं होतं. स्विच त्यायनीच सरकवला होता."

दादा बगतच राहिले.

"त्याला काय कळत नव्हतं का?"

"कळत होतं," वैनी म्हनली. "होल्टेज नव्हतं."

मी बॅटरी धरून होतो. हेच मी फोनवर म्हनलं होतं. तिनं ते दोन चपटे प्लग उचलले, खेटून धरले आन मला विचारलं, "काळ्याला काळी ना, भावजी?" "हो." तिनं दाबले. मग मागचा लाल स्विच आपल्या हातानं २३० वर सरकवला. बटन दाबलं.

घुंऽऽ. मग बारीक टीक. हिरवी अक्षरं आली.

पोरींनी टाळ्या वाजवल्या. बोर्ड वाचला होता. दादा तसेच उभे. मग पलीकडं जिनिंग सुरू झालं, बल्ब लाल पडला आन मशीन पट्‌ करून बंद. वैनीनं पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद. यावेळी जळलं बिळलं काई नव्हतं. २३० च्या आकड्याला आमची लाइट पुरत नव्हती, एवढंच. आकडा खाली घेतला तर कवातरी फुटनार, वर ठेवला तर चालनार न्हाई.

"बंदच पडलं म्हना की," दादा म्हनले. चपला घातल्या आन गेले.

वैनी पोरींना म्हनली, "उद्या टायमावर या." मग मशीनवर साडीचं कव्हर घातलं आन त्याच्या घड्या बसवत राहिली. बराच वेळ बसवल्या. जाताना दाराशी मला म्हनली, "भावजी, फोनवर काढला तो आवाज."

"हां."

"पुन्हा काढायचा असंल तर मला आदी सांगत जा."

मी म्हनलं बरं.

सकाळी उठलो तर दादा घरात न्हाईत. हॉटेलवाला म्हनला, गुर्जी पैल्या गाडीनं गंगाखेडकडं गेले. मला वाटलं, झालं. वैनीलाबी तेच वाटलं असनार, कारन तिनं माहेरून आनलेली पेटी भाइर काढून पुसून ठेवली. पोरी टायमावर आल्या. जिनिंग सुरू होतं, मशीन चालत नव्हतं, म्हनून सगळ्या पुठ्ठ्यावर. वैनी मधे उभी राहून सांगायलीती, डाव्या हाताची करंगळी, मग तिच्या बाजूचं बोट. लाइट असल्यासारखं.

दुपार कलताना दादा आले. फाट्यापासून चालत, छातीशी काईतरी धरून, वरून उपरनं गुंडाळलेलं. लहान लेकरू आनतात तसं. खाली ठेवलं. उपरनं काढलं तर आमचा स्टॅबिलायझर. भैयानं परभनीला दिलेला, आन परभनीची वाट गंगाखेडवरूनच जाती. तो तयार होऊन पडला होता कवापासून, आनायलाच कुनी गेलं नव्हतं. वैनीच्या तोंडून त्याचं नाव निघालं, तरी आनायचं आमच्या ध्यानात आलं न्हाई.

"लावा," दादा म्हनले.

वैनीनं लावला. स्टॅबिलायझरनं कट्‌ कट्‌ केलं, काटा वर चढला. मशीन चालू झालं आन चालूच राहिलं. भाइर जिनिंग चालू, बल्ब लाल, आन हिरवी अक्षरं जागच्या जागी. दादायनं एका पोरीला विचारलं, "हे पुठ्ठ्यावर काय करायलीस? तुझा नंबर न्हाई का आज?" ती उठून खुर्चीवर गेली. दादा तिच्या जागेवर सतरंजीवर टेकले. गुडघे दुखतात त्यायचे, बसताना हात टेकावा लागला.

वैनीनं चहा आनून दिला. दादायनं बशीत वतला. मग कुनाकडं न बगता म्हनले,

"तो दुरुस्तीवाला विचारायलाता, तुमचा पोरगा न्यायला का आला न्हाई म्हनून."

"मग?" मी म्हनलं.

"मी म्हनलं, त्याला टाइम न्हाई भेटला."

दादायनं चहा पिला. कट्‌ करून स्टॅबिलायझर पुन्हा वाजला. स्टॅबिलायझरचा आवाज मला येतो, कुनीबी काढायला सांगा. दादायचं ते वाक्य दादायच्या आवाजात मी लय वेळा काढून बगितलं, मोरीत, शेतात, कुनी नसताना. ते काई जमत न्हाई.